हीटर का पेटत नाही, हे आतल्या माणसाला कळू द्या

प्रति,
पदाधिकारी, आरव्ही इंडस्ट्री असोसिएशन,
व्हर्जिनिया.



अमेरिकेतली कितीतरी मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन आरव्हीने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, यलोस्टोनसारख्या ठिकाणी जातात. तिथे सप्टेंबरातही रात्री पारा शून्याखाली उतरतो. अशा पहाटे हीटरचा पंखा फिरतो, पण हवा गारच येते. सिलिंडर भरलेला असतो, शेगडीही पेटते. मग अडले कुठे?

हे बऱ्याचदा हीटरलाच ठाऊक असते. अनेक मॉडेलांच्या सर्किट बोर्डावरचा छोटा दिवा ठराविक वेळा लुकलुकून बिघाडाचा प्रकार सांगतो. पण तो असतो पत्र्याच्या झाकणाआड. माझे आपल्याकडे मागणे एवढेच आहे, की हा इशारा थर्मोस्टॅटवर दिसावा आणि शेजारी हीटरचा क्रम सांगणारा एक पानी तक्ता असावा.

हा क्रम अवघड नाही. आधी १२ व्होल्टवरचा पंखा सुरू होतो. हवेचा जोर पुरेसा झाला की सेल स्विच जोडला जातो. काही सेकंदांनी गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. ज्योत जाणवली नाही तर बोर्ड गॅस तोडतो, आणि अनेक मॉडेले तीन प्रयत्नांनंतर थांबतात.

म्हणून नुसते कान देऊनही बरेच कळते. पंखा चालू आहे पण ठिणगीची टकटक नाही, तर आधी बॅटरी पाहावी. रात्रभर पंखा चालून व्होल्टेज उतरते, पंखा मंदावतो आणि सेल स्विच जोडलाच जात नाही. टकटक येते पण ज्योत नाही, तर गॅसकडे वळावे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर त्यातली सुरक्षा-यंत्रणा प्रवाह अडवते. सगळी उपकरणे बंद करून तो बंद करावा, थोडे थांबून हळूहळू उघडावा. कोळी आणि कुंभारमाश्या बर्नरच्या नळीत घरे करतात, तेही कारण असू शकते. ज्योत लागून लगेच विझत असेल, तर ती ओळखणारा इलेक्ट्रोड किंवा अर्थिंग तपासायला हवे. नळीच्या आतले आणि इलेक्ट्रोडचे काम मात्र जाणकार कारागिराचेच.

ही माहिती हाताशी नसली की माणूस शेगडी पेटवून ऊब शोधतो. बंद कॅम्परमध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला ना रंग, ना वास. तक्त्यावर हा इशारा ठळक हवा. त्याच्याखाली दुसरा: गॅसचा वास आला तर कुठलेही बटण न दाबता सगळ्यांनी बाहेर पडावे आणि बाहेरून सिलिंडर बंद करावा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो.

आपल्या सदस्य कंपन्यांच्या गाड्यांवर संघटनेची मोहोर असते, आणि एनएफपीए ११९२ या मानकानुसार कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्यांत असतोच. पण अलार्म वाजतो तो धोका घरात शिरल्यावर. दिवा आणि तक्ता माणसाला त्या धोक्याच्या वाटेला जाऊच देणार नाहीत. भाड्याच्या गाड्यांत तर हे आधी व्हावे, कारण त्या चालवणाऱ्यांपैकी अनेकांनी असा हीटर कधी पाहिलेलाच नसतो. पुढच्या वर्षीच्या मॉडेलांपासून याची सुरुवात करावी, ही आग्रहाची विनंती.

कळावे,
आपला,
एक मराठी आरव्ही-प्रवासी