रकाना मिळाला, वाटा कुठे?

2024 साली विजया वसावे नंदुरबार जिल्ह्यात वनरक्षक म्हणून रुजू झाल्या. आदिवासी कुटुंबातल्या विजया या राज्यातल्या पहिल्या पारलिंगी वनरक्षक. वनरक्षकाचे काम खुर्चीतले नसते. बीटची गस्त, उन्हाळ्यात जाळरेषा काढणे, वणवा विझवायला धावणे, चोरटी तोड पकडणे, रोपवनाची राखण, आणि हे सारे सातपुड्याच्या चढउतारांवर. या भरतीत पुरुष उमेदवारांना 5 किलोमीटर आणि स्त्रियांना 3 किलोमीटर धावून दाखवावे लागते. ज्यांना आजवर टाळी वाजवणारे हात एवढीच ओळख दिली गेली, त्यांच्यातली एक व्यक्ती ही नोकरी मिळवून दाखवते, तेव्हा अनेक जुने समज आपोआप मोडायला हवेत.

ते मोडलेले नाहीत. उलट अशा यशाच्या बातमीचाच आधार घेऊन म्हटले जाते की आता दारे उघडली, वेगळे हक्क कशाला मागायचे? पारलिंगी व्यक्तींच्या समान हक्कांविरुद्ध जे बोलले जाते, त्यात हा आक्षेप सर्वांत नवा. बाकीचे जुनेच आहेत. पण ते पारावर, कचेरीत आणि विधिमंडळाच्या आवारातही ऐकू येतात, म्हणून त्यांना उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा की हे मुंबई-पुण्याचे, त्याही आधी पाश्चात्यांचे खूळ आहे. खेड्यात, डोंगरात असले काही नव्हते. इतिहास नेमका उलटे सांगतो. मराठेशाहीत हिजड्यांना भिक्षा मागण्याचे आणि काही ठिकाणी रोख नेमणुकीचे, जमिनीचे वंशपरंपरागत हक्क होते. ते नाकारले इंग्रज सरकारने. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास त्यांच्यासाठीच लिहिला गेला. पोलिसांच्या नोंदवहीत नावे चढवायची, मालमत्तेची यादी घ्यायची, मूल दत्तक घ्यायला आणि मृत्युपत्र करायला बंदी, बाईच्या वेशात रस्त्यावर दिसले किंवा नाचले तर दोन वर्षांपर्यंत कैद. याच कायद्याच्या पहिल्या भागाने भटक्या आणि डोंगरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय केली होती. खानदेशातल्या भिल्लांवर इंग्रजी कागदपत्रांनी दरोडेखोरीचा शिक्का कसा मारला, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. ज्या राजवटीने तो शिक्का मारला, त्याच राजवटीने या माणसांनाही संशयित ठरवले. बाहेरून आली ती त्यांच्याविषयीची घृणा. माणसे इथलीच होती.

2011 च्या जनगणनेत देशभरात 4,87,803 व्यक्तींची नोंद स्त्री-पुरुष सोडून तिसऱ्या रकान्यात झाली, महाराष्ट्रात 40,891. घरच्यांच्या धाकाने ज्यांनी हा रकाना टाळला, ते या आकड्यात नाहीत.

दुसरा आक्षेप गोड शब्दांत येतो. आपल्याकडे त्यांना मान आहे, बाळ जन्मले की आशीर्वाद घेतात, दुकानाच्या उद्घाटनाला बोलावतात, असे सांगितले जाते. बोलावतात, हे खरे. पण आशीर्वाद घेणारा तोच गृहस्थ त्याच माणसाला भाड्याने खोली देत नाही, दुकानात कामाला ठेवत नाही, आणि आपले मूल तसे निघाले तर त्याला घरात ठेवत नाही. वर्षातून दोनदा पायरीपाशी उभे करून दिलेल्या पैशाला मान म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो. ‘यांना कष्ट नकोत, पैसे उकळायचे असतात.’ सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांतून प्रवास केलेल्या कोणालाही तो पटकन पटतो. डब्यात दमदाटी करून कोणी पैसे काढले, तर तो गुन्हा आहे आणि ज्याने केला त्याला शिक्षा व्हावी. त्यात पारलिंगी म्हणून सवलत कोणी मागत नाही. मात्र एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या समूहाला कामचुकार ठरवण्याआधी, काम मागायला गेलेल्यांचे काय झाले ते पाहावे.

2022 च्या अखेरीस महाराष्ट्रात पोलीस भरती निघाली. ऑनलाइन अर्जात लिंगाचे दोनच पर्याय होते. साताऱ्याच्या आर्या पुजारी यांच्यासारख्या उमेदवारांना अर्जच भरता येईना. त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेल्या. न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांनी नोव्हेंबरमध्ये तिसरा पर्याय ठेवण्याचा आदेश दिला. सरकारने काय करावे? आदेश मानण्याऐवजी ते त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, धोरण ठरलेले नाही हे कारण घेऊन. डिसेंबरमध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती अभय आहुजा यांच्या खंडपीठाने भरतीच थांबवण्याची तंबी दिली, तेव्हा अर्जात रकाना आला आणि शारीरिक चाचणीचे नियम 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत करण्याचे सरकारने मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाचा नालसा खटल्यातला निकाल लागला होता 15 एप्रिल 2014 रोजी. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांनी आपले लिंग कोणते ते सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला, आणि शिक्षणात व नोकरीत आरक्षण देण्याचा आदेश केंद्राला व राज्यांना दिला. त्यानंतर साडेआठ वर्षांनी महाराष्ट्रात अर्जावर एक रकाना आला, तोही कोर्टाने धारेवर धरल्यावर. कष्ट कोणाला नको होते, हे यावरून ठरवावे.

खानदेशातले दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. तुमची नोंद तृतीयपंथी अशी आहे, म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. 2 जानेवारी 2021 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तो निर्णय रद्द केला. अंजली लढल्या आणि त्याच महिन्यात निवडूनही आल्या. म्हणजे गावाला अडचण नव्हती. मतदारांनी त्यांना मते दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने तर 2017 मध्येच ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट सरपंच केले होते. खेड्यातला माणूस मागास आणि कचेरी पुढारलेली, हा समज निदान या बाबतीत सोडून द्यावा.

आता शाळेकडे वळू, कारण नोकरीची गळती तिथूनच सुरू होते. 2011 च्या जनगणनेत पारलिंगी व्यक्तींची साक्षरता 56 टक्के निघाली. त्या वेळी देशाची साक्षरता 74 टक्के होती, आणि महाराष्ट्रात सर्वांत मागे असलेल्या नंदुरबारची 64 टक्के. ज्या जिल्ह्याचे नाव मागासपणाच्या प्रत्येक तक्त्यात तळाशी येते, त्याच्याही खाली हा समूह उभा आहे. नंदुरबारमध्ये हजारो मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. मुलांचे वसतिगृह वेगळे, मुलींचे वेगळे. चालण्याबोलण्यात जो मुलगा इतर मुलांसारखा नाही, त्याला रात्री त्याच खोलीत झोपायचे असते, त्याच न्हाणीघरात जायचे असते आणि दिवसभर तीच हेटाळणी ऐकायची असते. असे मूल शाळा सोडते आणि गाव सोडून मोठ्या शहराची वाट धरते. तिथे त्याला आसरा देणारी गुरू भेटते. वडील, शिक्षक आणि अधीक्षक यांनी जे नाकारले ते ती देते. मोबदल्यात दिवसभराची कमाई मागते. या व्यवस्थेवर टीका जरूर व्हावी, पण घराने दार लावले नसते तर तिच्या दारी कोणी गेले असते का?

2019 च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने मान्यताप्राप्त शाळांवर भेदभाव न करण्याचे बंधन घातले आणि निव्वळ पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून तोडू नये असे सांगितले. त्याच कायद्याने घरातून किंवा गावातून हाकलणे, मारहाण आणि लैंगिक अत्याचार अशा सगळ्यांना मिळून सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठरवली. स्त्रीवरील बलात्काराला किमान 10 वर्षे आणि पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला कमाल दोन! एका देहाची किंमत दुसऱ्यापेक्षा कमी, हे कायद्याच्या पुस्तकातच लिहून ठेवल्यावर रस्त्यावरच्या टवाळखोराला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा?

उरला आरक्षणाचा प्रश्न, आणि नंदुरबारमध्ये तोच सर्वांत नाजूक आहे. जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. आधीच जागा थोड्या, त्यात बोगस दाखल्यांवर नोकऱ्या बळकावणाऱ्यांविरुद्ध आदिवासी संघटना वर्षानुवर्षे लढत आहेत. अशा वेळी ‘आणखी एक वाटेकरी आला’ ही धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. तिला उडवून न लावता हिशेब मांडून उत्तर द्यायला हवे.

मध्य प्रदेश आणि राजस्थान या राज्यांनी 2023 मध्ये पारलिंगी व्यक्तींना इतर मागासवर्गात घातले. ही वाट चुकीची आहे. त्यामुळे जी व्यक्ती जन्माने आदिवासी किंवा दलित आहे, तिला आपली जमात-जात सोडावी लागते किंवा आपले पारलिंगी असणे बाजूला ठेवावे लागते. भिल्ल पारलिंगी व्यक्तीने यातले काय सोडायचे? शिवाय मागासवर्गातल्या इतरांनाही तो आपल्या वाट्यावरचा घाला वाटतो. तमिळनाडूतल्या दलित पारलिंगी कार्यकर्त्या ग्रेस बानू यांनी म्हणूनच समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली. कर्नाटकाने 2021 मध्ये ती वाट धरली: सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का, आणि तो प्रत्येक प्रवर्गाच्या आत. महाराष्ट्रात स्त्रियांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे. आदिवासी स्त्री त्यातून नोकरीला लागते तेव्हा ती जागा अनुसूचित जमातीच्याच वाट्यातली असते, बाहेरचा कोणी ती नेत नाही. तसेच इथेही. आदिवासी पारलिंगी उमेदवार आदिवासींच्या जागेवर, खुल्या प्रवर्गातला खुल्या जागेवर. कोणाच्याही ताटातला घास दुसऱ्याकडे जात नाही. त्याच घरातल्या, आजवर उपाशी ठेवलेल्या मुलाला पंगतीत बसवले जाते.

‘उद्या पुरुष साड्या नेसून नोकऱ्या लाटतील’ ही भीतीही दाखवली जाते. बोगस दाखले घेणाऱ्यांमुळे आदिवासींचे आरक्षणच रद्द करा, असे कोणी म्हटले तर नंदुरबार काय उत्तर देईल? खोट्यांना पकडा, खऱ्यांचा हक्क सोडू नका. 2017 च्या जगदीश बहिरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच केले: खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाकारले, आरक्षणाला हात लावला नाही. तोच न्याय इथे लावावा. आणि ज्या ओळखीपायी घर, गाव, नातीगोती तुटतात, ती ओळख खोटी मिरवायला किती जण पुढे येतील, याचाही विचार व्हावा.

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आधारच्या नोंदणीत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला तिसरा पर्याय होता. ओळख देण्यात नंदुरबार देशात पहिले ठरले. पण ओळखपत्राने पोट भरत नाही, खोली मिळत नाही, बढती मिळत नाही. राज्यात तृतीयपंथी कल्याण मंडळ झाले, 2024 मध्ये धोरणही मंजूर झाले. तरी विजया वसावे यांच्यानंतर दुसरी, तिसरी, दहावी व्यक्ती नोकरीला लागेल याची हमी त्यातून मिळत नाही. ती हमी फक्त ठरावीक वाट्यातून मिळते. अपवाद ठरलेल्या एका व्यक्तीकडे बोट दाखवून दार उघडे आहे असे म्हणणे हा विजया यांच्या कष्टांचाही अपमान आहे.

नंदुरबार जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर. चारही अनुसूचित जमातींसाठी राखीव. राखीव जागा नसती तर आपला आवाज सभागृहात पोचला नसता, हे या चारही आमदारांना ठाऊक आहे. त्यांनी पक्ष बाजूला ठेवून, येत्या अधिवेशनात प्रत्येक प्रवर्गातल्या 1 टक्का समांतर आरक्षणाची मागणी एकत्र मांडावी. आणि तोवर जिल्हाधिकाऱ्यांनी व आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी आश्रमशाळांतल्या अशा मुलांची हेटाळणी थांबवण्याचे काम हाती घ्यावे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.