सहा फुटी स्वार, बावन्नची फ्रेम

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. अशा शर्यती पाहून खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची रोड बाइक घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. नव्या सायकलीची किंमत परवडत नाही, म्हणून अनेक जण जुन्या बाजाराकडे वळतात. तिथे मात्र मापाची निवड नसते. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने मिळणारी सायकल बहुधा ५२ किंवा ५४ मापाची असते. सहा फुटांवरचा तरुण तीच घेतो आणि ‘सीट वर घेतली की झाले’ असे मानतो. ते कुठपर्यंत खरे आहे?

शिरोली एमआयडीसीसारख्या ठिकाणी या प्रश्नाला वेगळी धार आहे. फौंड्री किंवा मशीन शॉपमधील आठ तासांची पाळी बहुतेकांची उभ्यानेच जाते. त्याआधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास सायकल चालवायची, तर मिनिटाला ७० फेऱ्या धरूनही प्रत्येक गुडघा दिवसाला सुमारे ४२०० वेळा वाकतो. माप चुकीचे असेल तर ही चूक तितक्याच वेळा घडते.

माप चाकाचे नव्हे, फ्रेमचे

जुनी काळी सायकल घेताना गिऱ्हाईक ‘बावीसची की चोवीसची’ असे विचारत असे. ते फ्रेमचे इंच होते. आता ‘साइज’ म्हटले की चाकाचा आकार सांगितला जातो. रोड बाइकमध्ये ४८ ची फ्रेम असो वा ६० ची, चाक साधारणपणे ७०० सीच असते. त्यामुळे चाक पाहून उंचीचा अंदाज बांधता येत नाही.

खरे माप पायाच्या आतल्या लांबीपासून सुरू होते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जांघेत जाड पुस्तक घट्ट धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. या लांबीला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. पाय ८८ सेंटिमीटर असेल तर ते सुमारे ७७.७ सेंटिमीटर येते. हा आकडा अंदाजाचा आहे. पायडल तळाला असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो का, ही त्याची कसोटी.

सीट याहून बरीच खाली राहिली तर गुडघा जास्त वाकलेल्या स्थितीत जोर लावतो, वाटीमागे दाब वाढतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. सीट फार वर गेली तर कंबर डावीकडे-उजवीकडे हलते आणि गुडघ्याच्या मागे किंवा टाचेच्या शिरेत दुखू लागते. म्हणून बदल एका वेळी पाच मिलिमीटरचाच करावा आणि चार-पाच दिवस चालवून पाहावे.

सीट सुटते, हँडल अडते

आता हिशेब ५२ च्या फ्रेमचा. तिच्या सीट नळीची लांबी ५० सेंटिमीटर आणि सीटची स्वतःची उंची पाच सेंटिमीटर धरली, तर ७७.७ साठी सीट पोस्ट सुमारे २३ सेंटिमीटर बाहेर काढावी लागते. ३५० मिलिमीटरच्या पोस्टमध्ये दहा सेंटिमीटर आत ठेवून हे जमते. वरची दांडी उतरती असलेल्या फ्रेमवर नळी ४६ सेंटिमीटरचीच असू शकते. तिथे ४०० मिलिमीटरची पोस्ट लागते.

नळी तिरकी असल्याने सीट दहा सेंटिमीटर वर गेली की जवळपास तीन सेंटिमीटर मागेही जाते. उंच माणसाला थोडी जास्त लांबी मिळते, हा यातला फायदा. पण हँडल जिथल्या तिथेच राहते. सीट आणि हँडल यांच्या उंचीतला फरक १३-१४ सेंटिमीटरवर जाऊ शकतो. शर्यतपटूला तो झेपतो. रोज कामावर जाणाऱ्याची मान आखडते, कंबर धरते आणि तळहातावर भार आल्याने करंगळी व शेजारच्या बोटाला मुंग्या येतात.

यावर पहिला उपाय म्हणजे स्टेम उलटा बसवून हँडल वर घेणे. स्टेमच्या कोनानुसार दोन ते चार सेंटिमीटर मिळतात. लांबी कमी पडत असेल तर ९० ऐवजी ११० किंवा १२० मिलिमीटरचा स्टेम लावता येतो. त्यापुढे सुकाणू जड होते. आधीच्या मालकाने फोर्कची नळी कापली असेल तर हँडल आणखी वर घेण्याचा मार्ग बहुतेक बंद होतो. शिवाय लहान फ्रेमवर चाकांमधले अंतर कमी असते, मोठ्या बुटाचे टोक वळताना पुढच्या चाकाला लागू शकते आणि उंच बसलेला स्वार जोरात पुढचा ब्रेक दाबतो तेव्हा पुढे फेकला जाण्याची शक्यता वाढते. महामार्गाच्या सेवा रस्त्यावर ट्रकच्या शेजारून जाताना हे धोके किरकोळ नाहीत.

लेथ जवळ आहे म्हणून

शिरोलीत लेथ आणि वेल्डिंग हाताशी आहे. त्यामुळे लांब सीट पोस्ट घरीच करून घेण्याचा मोह होतो, आणि सर्वांत मोठा धोका इथेच आहे. पोस्ट जितकी बाहेर, तितका फ्रेमच्या तोंडाशी वाकवणारा जोर अधिक. प्रत्येक खड्ड्यात तो पुन्हा पडतो. अॅल्युमिनियमला अशा वारंवार ताणाने हळूहळू तडा जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने मिश्रधातूचा कडकपणा जोडाजवळ उतरतो. साध्या पाण्याच्या पाइपचा तुकडा तर या कामासाठी बनलेलाच नसतो. सायकलींसाठीच्या आयएसओ ४२१० मानकात सीट पोस्टला वारंवार ताण देऊन तपासतात ते याचसाठी. कास्टिंगमधली बारीक चीरही नाकारणाऱ्या कारागिराला हे समजावून सांगावे लागू नये.

पोस्ट तयार, योग्य व्यासाचीच घ्यावी. २७.२ मिलिमीटरच्या नळीत २७.० ची पोस्ट पत्रा गुंडाळून बसवू नये. पोस्टवरची किमान खोलीची खूण नळीच्या आत गेलेली असावी आणि पोस्टचे टोक वरच्या दांडीच्या जोडाखाली पोहोचलेले असावे. नाहीतर पोस्ट वाचली तरी फ्रेम तडकते.

थोडक्यात, एका मापाने लहान सायकल पोस्ट आणि स्टेम बदलून वापरण्याजोगी होते. दोन मापांनी लहान असेल तर हे सुटे भाग म्हणजे वाया गेलेला पैसा. ती विकून दुसरी पाहणे स्वस्त पडते. विक्रेत्यांनी ‘पाच फूट चार ते सहा फूट’ असा सरसकट पट्टा सांगण्याऐवजी फ्रेमचे माप, वरच्या दांडीची लांबी आणि पुढच्या नळीची उंची सांगितली, तर बरेच गुडघे वाचतील. तोवर गिऱ्हाइकानेच मोजपट्टी खिशात घेऊन जावे.