दोष औषधाचा कीं कोठीचा?

गव्हाच्या कोठींत औषधाची गोळी टाकली असतांही महिन्याभरांत टोके पुन्हा चालूं लागले, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते. आणि तिच्यामागोमाग ठरलेला निष्कर्षही येतो कीं, औषधांत आतां पूर्वींचा दम राहिला नाहीं. भेसळ कोठेंच होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हा निष्कर्ष फार सोयीचा आहे. त्यानें सारा दोष दुकानदाराच्या माथीं जातो आणि आपली कोठी निर्दोष ठरते. आमच्या मतें दोष बहुधा कोठीचाच असतो.

ही गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची. तीन ग्रॅमच्या गोळीस हवेंतील ओलावा लागला म्हणजे तिच्यांतून सुमारें एक ग्रॅम फॉस्फीन वायु निघतो. तो दाण्यादाण्यांत शिरून किड्यांच्या पेशींतील श्वसनक्रिया बंद पाडतो. मात्र त्याची एक खोड ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: तो एकदम पुष्कळ सोडून भागत नाहीं, पुष्कळ दिवस कोंडून ठेवावा लागतो. चालतेफिरते भुंगेरे लवकर मरतात. अंडीं व कोष मरावयास आठवडा अथवा त्याहून अधिक काळ लागतो. कोठीचें झांकण सैल असलें किंवा ताडपत्रीस भोंक असलें तर वायु लवकरच निघून जातो. पाहणारास मेलेले किडे दिसतात व तो समाधान पावतो.

आतां खरें नुकसान कसें होतें तें विद्यार्थ्यांनीं नीट पाहावें. हजारों किड्यांमध्यें जन्मतःच थोडें अधिक विष सोसणारे कांहीं असूं शकतात. मात्रा पुरी पडली तर तेही मरतात. अपुरी पडली तर दुबळे तेवढे मरतात आणि हे वाचतात. पुढची पिढी यांचीच. उष्ण हवेंत एका पिढीस महिनाभर पुरतो. दोनचार वर्षांत किती पिढ्या झाल्या याचा हिशेब गणिताच्या तासास करावा. कीड विषाला सरावते असें जें आपण म्हणतों तें म्हणूनच बरोबर नाहीं. एकही किडा सरावत नाहीं. न सोसणारे नाहींसे होतात एवढेंच. २०१२ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांनीं यामागील एक जनुकही ओळखून दाखविलें.

हें संकट नवें नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें १९७२-७३ सालीं देशोदेशींच्या कोठारांतील किडे तपासविले, तेव्हां सुमारें दहांत एका नमुन्यांत फॉस्फीन सोसणारे किडे आढळले. पुढें १९८३ सालीं बांगलादेशांतील गोदामांविषयीं जी माहिती प्रसिद्ध झाली तिच्यांत कारणही उघड झालें: गळक्या गोदामांतून पुनःपुन्हा दिलेली धुरी.

दुसरें औषध घेऊं, असें कोणी म्हणेल. मॅलेथिऑनला तांबडे भुंगेरे केव्हांच जुमानीनासे झाले आहेत. मिथिल ब्रोमाइड ओझोनच्या थरास मारक, म्हणून मॉन्ट्रिअल करारान्वयें निर्यातीपूर्वींच्या व रोगप्रतिबंधक धुरीखेरीज बाद झालें. विकसनशील देशांस २०१५ पर्यंतची मुदत होती. स्वस्त, आणि पोत्यांच्या थप्पींत खोलवर जाणारा असा मुख्यत्वें फॉस्फीनच उरला आहे. गोरगरिबांचें रेशनचें धान्य सांभाळणाऱ्या गोदामांस त्याची गरज आहे. तो आपण घरोघरीं बोथट करून टाकावा काय?

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, ही गोळी घरांत आणूंच नये. आपल्या देशांतील नियमही तसाच आहे. ती सरकारी संस्था व प्रशिक्षित धुरीकर्ते यांच्याच हातीं असावयाची. कोठींतून सुटलेला वायु शेजारीं निजलेल्या मुलांनाही ओळखत नाहीं, आणि त्यावर उतारा नाहीं. पालकांस हें अधिक विस्तारानें सांगण्याची गरज नसावी.

मग धान्य राखावें कसें? जुन्या काळचें पेव आठवावें. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवांत किडे आंतील प्राणवायु स्वतःच संपवीत आणि गुदमरून मरत. पेव उघडल्यावर लगेच आंत उतरूं नये ही वडीलधाऱ्यांची ताकीद त्याचमुळें. पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं आफ्रिकेंतील चवळीसाठीं काढलेल्या तीन पदरी हवाबंद पिशवींत तत्त्व तेंच आहे. पेवांत ओल शिरे व कडेचें धान्य काळें पडे, हें नाकबूल करतां येत नाहीं. पिशवीसही उंदीर भोंक पाडतो. तरीही, दांताखालीं कटकन् फुटेपर्यंत वाळविलेलें धान्य घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या कोठींत गळ्यापर्यंत भरलें, आणि कडधान्यास आई लावते तसा एरंडेलाचा हात लावला, तर घरच्या वर्षाच्या बेगमीस विषाची गरज सहसा पडत नाहीं. दर पंधरा दिवसांनीं मुलांनीं पसाभर धान्य चाळावें व जिवंत किडे किती निघाले तें वहींत टिपावें. चाळणींतून पडलेलें सारें उकळत्या पाण्यांत टाकावें, अंगणांत झटकूं नये. किड्यांस कोठीची वाट पुन्हा सांपडावयास फार वेळ लागत नाहीं.