सही नाकारली अन् गादी गेली! सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांसोबत नेमकं काय घडलं?

पाचगणी म्हटलं की टेबललँड आणि बोर्डिंग शाळा आठवतात. जॉन चेसन यांनी १८६०च्या दशकात हे ठिकाण वसवलं. त्याआधी, १८४८ पर्यंत, हा मुलूख सातारच्या छत्रपतींचा होता. मग ते राज्य गेलं कसं?

आधी कौतुक
१८१९च्या तहाने कंपनीने प्रतापसिंहांना गादीवर बसवलं. १८२९ मध्ये, गव्हर्नर माल्कम असताना, त्यांनी महाबळेश्वरची जागा कंपनीला दिली. १८३५ मध्ये लंडनच्या संचालकांनी चांगल्या कारभाराबद्दल मानाची तलवारही मंजूर केली.

मग आरोप काय?
कंपनीच्या शिपायांना फितवणं, गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी गुप्त संधान. गव्हर्नर कार्नाक यांनी माफी देऊ केली. अट एकच, दोष कबूल करून सही करा. महाराजांनी नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी ते पदच्युत झाले, रवानगी काशीला.

दाद मागितली का?
हो. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडले. पण १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. नंतर गादीवरचे भाऊ शहाजीही गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं.

आज का आठवायचं?
आरोप कंपनीचा, चौकशी कंपनीची, निकालही कंपनीचाच. आरोपीला बाजू मांडू न देणारी चौकशी म्हणजे न्याय नव्हे, हाच या प्रकरणाचा धडा.