परीक्षकाचा शेरा
इंग्लंडातील लुइस गावच्या डॉक्टर मँटेल यांच्यापाशी एक जीवाश्म दात होता. पाला चघळून झिजलेला. १८२३ साली तो पॅरिसला थोर शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांच्यापुढे गेला. शेरा मिळाला : गेंड्याचा! डॉक्टरांचे मन मानीना. १८२४ साली लंडनच्या एका संग्रहालयात त्यांना इग्वाना सरड्याचे दात पाहावयास मिळाले. ठेवण तीच, आकार मात्र चिमुकला! १८२५ साली त्यांनी आपल्या प्राण्याला ‘इग्वानोडॉन’ हे नाव दिले. तो डायनोसॉर होता. क्यूव्हिएंनीही आपली चूक मोकळेपणी मान्य केली.

हे वाचले आणि मला माझी तांबडी शाई आठवली. एका वऱ्हाडी विद्यार्थ्याचा शब्द मी ‘अशुद्ध’ म्हणून खोडला होता. पुढे तो कोशात सापडला. सुट्टी संपताच त्याला सांगायचे आहे, भरल्या वर्गात.