व्रत गिऱ्हाइकाचे, उपवास कोळणीला

आषाढ अमावास्या ही दीपपूजनाची. घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडावेत, असा तिचा आचार. परंतु लोक तिला ओळखतात ते 'गटारी' या नावाने. नावाची लाज वाटून काही शब्दपंडितांनी त्याचे मूळ 'गतहार' या पदात शोधले आहे. आहार मात्र त्या रात्री कोठे गेलेला दिसत नाही. श्रावणभर मद्यमांस वर्ज्य करण्याचा संकल्प सोडायचा आणि त्याची भरपाई आगाऊच वसूल करायची, असा हा सावकारी हिशेब आहे. किहीमच्या सुरूच्या बनामागे मुंबईकरांचे जे बंगले उभे आहेत, तेथेही तो चोख चुकता होतो.

2023 साली श्रावणच अधिक आला. 18 जुलैला अधिक मास लागला, निज श्रावण 17 ऑगस्टला. व्रत एका महिन्याचे की दोन, असे मोठेच धर्मसंकट! एरवी पंचांगाचे पानही न उलटणारे अधिक-निजाचा भेद सांगू लागले. निज मासाचा निर्णय झाला, तशी महिन्याची सवलत मिळाली आणि दुसऱ्या गटारीची सोयही झाली.

मनोभावे व्रत पाळणाऱ्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. पण किहीमच्या आसपास थळ, नवगाव, वरसोली येथील कोळीवाड्यांत याहून कडक वर्ज्य पाळले जाते. माशांच्या विणीसाठी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्याला, मिळकत बंद. सुके बोंबील आणि जवळा विकून घर चालवायचे. याला कोणी व्रत म्हणत नाही आणि त्याचे पुण्यही कोणाच्या खाती जमा होत नाही.

बंदी उठते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो आणि हंगाम भरात येतो. ही पौर्णिमा असते श्रावणाच्या ऐन मध्यावर! म्हणजे पुरवठा वाढतो नेमका तेव्हाच मागणी आटते. डिझेल, बर्फ आणि खलाशांची मजुरी यांना श्रावण ठाऊक नसतो. नाशवंत माल टोपलीत घेऊन बसलेल्या कोळणीला सायंकाळी भाव पाडावाच लागतो. शहरातल्या संकल्पाची किंमत अशी तिच्या पदरातून जाते.

पुढे भाद्रपदात कोकणातल्या कित्येक घरांत गौरीला सामिष नैवेद्य दाखवतात. देवीची त्याला हरकत नसते. गणपती गेले की तेच गिऱ्हाईक टोपलीपुढे येऊन उभे राहते आणि 'फार महाग झाली बाई मासळी' म्हणत दोन पापलेटांसाठी घासाघीस सुरू करते.