दिसणारी शिल्लक

खात्यावर शिल्लक दिसणे आणि त्या खात्यावरचा धनादेश वटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बँकेच्या नोकरीत मी लवकर शिकलो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या मागील वायपरने त्याच धड्याची उजळणी करून दिली.

भर पावसात गल्लीतून गाडी मागे घेत होतो. मागची काच पाण्याने धूसर झालेली आणि वायपर निश्चल. शेजारचा लहान मुलगा सायकल घेऊन मागे उभा आहे, हे सौभाग्यवतींच्या हाकेमुळे कळले. ब्रेक वेळेवर लागला. परंतु त्यानंतर दुरुस्ती पुढे ढकलणे मनाला पटेना.

सेवा केंद्रात फ्यूज तपासला, तो शाबूत होता. वायपरच्या मोटरपर्यंत येणाऱ्या तारांना मीटर लावला, तर १२ व्होल्ट दिसले. ‘वीज येते आहे, म्हणजे मोटरच जळाली, नवी बसवावी लागेल,’ असा निर्णय मिळाला. अंदाजपत्रक खिशात घालून मी आमच्या परिचयाच्या वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

त्यांनी मोटर सोडवून थेट बॅटरीला जोडली. ती तत्काळ फिरली. मग वायपरचे बटण चालू ठेवून त्याच दोन तारांना २१ वॅटचा बल्ब लावला. तो पेटला नाही. बल्ब काढताच मीटर पुन्हा १२ व्होल्ट दाखवू लागला. मी चकित झालो. ते म्हणाले, “साहेब, मीटर नुसता बघतो. बल्ब मागतो.” मीटर नगण्य प्रवाह घेतो, हा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो.

नंतर त्यांनी बल्बचे एक टोक परतीच्या तारेऐवजी गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या पत्र्याला टेकवले. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे वीज आणणारी तार निर्दोष, दोष परतीच्या अर्थिंगच्या तारेत. छत आणि मागचे दार यांच्यामधील रबरी नळीतून या तारा जातात आणि दार उघडता-मिटताना दरवेळी वाकतात. नळी सरकवली, तेव्हा तांब्याचे तंतू तुटून हिरवट गंजाने जेमतेम टेकलेले आढळले. लवचीक तारेचा नवा तुकडा झाळून जोडला आणि तासाभरात वायपर चालू झाला.

सेवा केंद्रातील तो तरुण अप्रामाणिक नव्हता. दिसणाऱ्या शिल्लकेवर त्याने विश्वास ठेवला, एवढेच. परंतु तेरीज जुळली नाही म्हणून आपण खतावणीच बदलत नाही; चुकलेली नोंद शोधतो. तेव्हा नव्या सुट्या भागाला संमती देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: मोटर थेट बॅटरीवर फिरते का? आणि तारांना बल्ब लावून पाहिला का?